एम्मा पीलनंतरची बावन्न वर्षं

लेकीच्या खोलीत मी चहाचा कप ठेवायला गेले होते. लॅपटॉपवर 'गेम ऑफ थ्रोन्स' चालू होतं आणि पडद्यावर एक म्हातारी मेजाशी बसलेली होती. डोक्याभोवती घट्ट लपेटलेलं वस्त्र, त्यातून दिसेल तेवढाच चेहरा. समोर चिलखत घातलेला सरदार. त्यानं तिचा गड जिंकलाय, तिच्या पेल्यात विष ओतलंय. बाईनं ते एका दमात घशाखाली घातलं, पेला खाली ठेवला आणि मग शेजारणीला भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात त्याला सांगितलं, की तुझ्या पोराला विष घातलं ते मी. मी कप हातात धरून तशीच उभी राहिले.

"कोण गं ही?"

"ओलेना टायरेल."

"तसं नाही. बाई कोण?"

तिनं शोधून सांगितलं. डायना रिग. मग म्हणाली, "आई, ही एकेकाळी प्रचंड ग्लॅमरस होती. हे बघ." आणि एक कृष्णधवल फोटो माझ्यासमोर धरला. अंगाला चिकटलेला काळा कातडी पोशाख, सडसडीत उंच बांधा, आणि समोरच्याचं पाणी आधीच जोखून बसलेली नजर.

ही २०१७ ची गोष्ट. त्या जुलैत डायना रिग एकोणऐंशी वर्षांची झाली होती. 'एकेकाळी' हा शब्द मला खटकला, कारण ती नजर मी आत्ताच पाहिली होती. फोटोतली आणि विषाच्या पेल्यामागची, एकच.

त्या दिवसापासून मी तिला उलट्या दिशेनं भेटत गेले, म्हातारीकडून तरुणीकडे. ब्रिटनमधल्या प्रेक्षकांना ती ज्या क्रमानं भेटली त्याच्या अगदी उलट. त्यामुळे झालं असं, की जगभरात गाजलेलं तिचं तारुण्य मला तिच्या म्हातारपणाची तालीम वाटायला लागलं.

तिचा जन्म यॉर्कशरमधल्या डॉनकास्टरचा, २० जुलै १९३८ चा. पण दोन महिन्यांची असतानाच ती बीकानेरला आली. वडील लुई रिग तिथे रेल्वेत नोकरीला. राजस्थानातलं ते वाळवंटी संस्थान, महाराजा गंगासिंगांचा काळ. घरात इंग्रजी आणि नोकरमाणसांत हिंदी, अशा दोन भाषा घेऊन ती वाढली. आठ वर्षांची झाली तेव्हा तिला इंग्लंडला धाडलं, लीड्सजवळच्या फुलनेक इथल्या मोराव्हियन पंथाच्या निवासी शाळेत. ते कोरडं ऊन आणि मोकळी जमीन सोडून आलेली पोर त्या काळ्या दगडांच्या, ओल्या, शिस्तीच्या जगात रुळली नाही. पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीसारखी तिची गत झाली होती, असं ती पुढे सांगायची. आणि तरीही म्हणायची, की मला घडवलं ते हिंदुस्थानापेक्षा यॉर्कशरनं.

मला वाटतं तिचं म्हणणं खरं असावं. पण एक गोष्ट मी माझ्यापुरती त्यात घालते. आठव्या वर्षी ज्या मुलीला एका भाषेतून दुसऱ्या भाषेत, एका हवेतून दुसऱ्या हवेत उचलून ठेवलं जातं, तिला आपण लोकांना कशा दिसतो हे फार लवकर कळतं. ती बघायला शिकते, आणि बघू द्यायलाही.

सतराव्या वर्षी ती लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये गेली. १९५७ मध्ये यॉर्कच्या महोत्सवात ब्रेख्टच्या 'कॉकेशियन चॉक सर्कल'मधून व्यवसायात आली आणि १९५९ मध्ये स्ट्रॅटफर्डच्या कंपनीत दाखल झाली, जिला लवकरच रॉयल शेक्सपिअर कंपनी हे नाव मिळालं. तिथे तिनं पाच वर्षं काढली. १९६२ मध्ये पीटर ब्रूकनं 'किंग लिअर' बसवलं, त्यात पॉल स्कोफिल्डच्या लिअरची ती कॉर्डेलिया. वय चोवीस. १९६४ मध्ये तो प्रयोग पूर्व युरोपात आणि अमेरिकेत फिरला.

ही पाच वर्षं मी मुद्दाम सांगते आहे, कारण तिच्या गोष्टीत ती सहसा गाळली जातात. सगळे थेट कातडी पोशाखावर येतात. 'ग्लॅमर' हा शब्द आपण मराठीत जसाच्या तसा घेतला, बहुधा 'देखणेपण' किंवा 'झगमगाट' म्हणून भागत नाही म्हणून. हा शब्द स्कॉटलंडमधून आलेला आहे आणि तो 'ग्रॅमर' या शब्दाचाच अपभ्रंश आहे. जुन्या काळी व्याकरण शिकलेला म्हणजे विद्या जाणणारा, आणि विद्या जाणणारा म्हणजे मंत्रतंत्र जाणणारा, अशी लोकांची समजूत. त्यातून 'ग्लॅमर' म्हणजे नजरबंदी. डायना रिगचं ग्लॅमर मला या मूळ अर्थानं खरं वाटतं. आधी पाच वर्षं शेक्सपिअरच्या ओळी, श्वास कुठे घ्यायचा, शब्द कुठे टाकायचा, न हलता कसं उभं राहायचं. नजरबंदी त्यानंतरची.

आणि मग 'द ॲव्हेंजर्स'. ही मालिका आधीपासून चालू होती. गोलटोपी आणि छत्रीवाला गुप्तहेर जॉन स्टीड, म्हणजे पॅट्रिक मॅकनी, आणि त्याच्या जोडीला एक बाई. पहिली बाई होती ऑनर ब्लॅकमन. तिच्या पात्राचे सुरुवातीचे काही संवाद पुरुष पात्रासाठी लिहिलेले होते आणि ते तसेच तिच्या तोंडी आले, म्हणून ती बाई पडद्यावर इतर बायकांपेक्षा वेगळी बोलली, वेगळी वागली. ती जेम्स बाँडच्या 'गोल्डफिंगर'साठी मालिका सोडून गेली. नव्या पात्राला नाव हवं होतं. पुरुषांना भुरळ घालणारी हवी, म्हणजे 'मॅन अपील', त्याचं थोडक्यात 'एम अपील', आणि त्यातून एम्मा पील. पात्राच्या नावातच मागणी लिहून ठेवलेली होती.

डायना रिगनं त्या मागणीचं काय केलं ते बघण्यासारखं आहे. १९६५ ते १९६८ या काळात तिनं एक्कावन्न भाग केले, पहिले सव्वीस कृष्णधवल आणि पुढचे रंगीत. मी त्यातले बरेचसे पाहिले. पहिल्याच भागात ती तलवारबाजीचा सराव करताना भेटते आणि स्टीड तिच्या घरात आलाय म्हणून तिची लय बिघडत नाही. एम्मा पील विज्ञान जाणते, मारामारी जाणते, छोटी लोटस गाडी स्वतः चालवते. खलनायक तिला बांधून ठेवतात, आणि ती सुटकेची वाट बघत बसत नाही. पण मला सगळ्यात आवडलं ते तिचं ऐकणं. समोरचा पुरुष बढाया मारत असतो आणि ती एक भुवई किंचित उचलून त्याला बोलू देते. तेवढ्यात प्रेक्षकाला कळतं, की या माणसाचं काही खरं नाही. स्टीड आणि ती एकमेकांशी बोलतात ते दोन बरोबरीच्या माणसांसारखं. १९६५ साली टीव्हीवर हे विरळाच होतं. आजही मुबलक आहे असं मी म्हणणार नाही.

कातडी पोशाखाबद्दल तिला प्रेम नव्हतं. घालायला त्रास, काढायला त्याहून त्रास. रंगीत भाग सुरू झाले तेव्हा ताणल्या जाणाऱ्या मऊ कापडाचे पोशाख आले, ते तिला बरे वाटले. टपालानं पत्रांचा ढीग यायचा. त्यांची उत्तरं तिची आई लिहायची. वयात आलेल्या पोरांना त्या माउलीचा सल्ला असे, की माझी मुलगी तुझ्यापेक्षा फार मोठी आहे, बाहेर जाऊन जरा पळून ये. ही आई मला फार आवडते.

या सगळ्या झगमगाटाच्या मधोमध एक दिवस तिला कळलं, की आपल्याला कॅमेरामनपेक्षा कमी पैसे मिळतात. मालिका जिच्या चेहऱ्यावर अमेरिकेत विकली गेली, तिला. तिनं पैसे वाढवून मागितले आणि ते मिळेपर्यंत हटली नाही. वर्तमानपत्रांनी तिला पैशाची लोभी ठरवलं. २०१९ मध्ये ती याबद्दल बोलली तेव्हाही तिचा आवाज कडवट होता. त्या व्यवसायातली एकही बाई माझ्या बाजूनं बोलली नाही, पॅट्रिकही नाही, असं तिनं सांगितलं. मॅकनीशी तिचं चांगलं जमायचं. तरीही ही नोंद तिनं केली.

इथे मला माझं एक सांगायला हवं. माझ्या पहिल्या नोकरीत, माझ्याबरोबर लागलेल्या, माझ्याइतकंच शिकलेल्या मुलाचा पगार माझ्याहून जास्त होता. दिवाळीआधी पगाराच्या पाकिटांची अदलाबदल झाली म्हणून ते मला कळलं. मी पाकीट परत केलं आणि काही बोलले नाही. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "त्याला घर चालवायचं असेल." मलाही चालवायचं होतं. ती गोष्ट मी जवळजवळ विसरले होते. डायना रिगचं वाचलं आणि ते पाकीट, त्याच्यावरचं निळ्या शाईतलं नाव, सगळं जसंच्या तसं समोर आलं. १९६० च्या दशकात, सत्ताविशीच्या आसपास, जगभर प्रसिद्ध होऊ घातलेल्या नटीला गप्प बसणं किती सोयीचं होतं! ती गप्प बसली नाही. तिच्या सौंदर्याबद्दल जेवढं लिहिलं गेलं त्याच्या दहाव्या हिश्शानं तरी या एका मागणीबद्दल लिहिलं जायला हवं होतं.

मालिका ऐन भरात असताना, १९६६ मध्ये, ती स्ट्रॅटफर्डला जाऊन 'ट्वेल्फ्थ नाइट'मधली व्हायोला करून आली. पुढे मालिका सोडलीच. तिचा निरोपाचा प्रसंग छोटासा आहे. हरवलेला नवरा ॲमेझॉनच्या जंगलात सापडलाय, ती स्टीडचा निरोप घेते, आणि जिन्यात भेटलेल्या नव्या मुलीला सांगून जाते, की त्याचा चहा ढवळायचा तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं. चार्ज देताना सांगतात तसं.

१९६९ मध्ये 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'. बाँडपटांत बाँडनं खरोखर लग्न केलेली एकच बाई, ट्रेसी, ती तिनं केली. लग्न लागून निघालेल्या गाडीत तिला गोळी लागते. त्या चित्रपटाबद्दल याहून जास्त मला काही म्हणायचं नाही. डायना रिगच्या जागी दुसरी कुणी असती तर हॉलिवूडनं तिला दहा वर्षं वापरून सोडून दिली असती. अमेरिकेत १९७३ मध्ये तिच्या नावाची एक विनोदी मालिका निघाली आणि लवकरच बंदही पडली.

ती परत गेली ती रंगभूमीवर. तिथे तिची वाट फुलांची नव्हती. १९७० मध्ये 'आबेलार आणि एलोइज' या नाटकात एक विवस्त्र प्रसंग होता. पुढच्या वर्षी ते न्यूयॉर्कला गेलं तेव्हा जॉन सायमन या समीक्षकानं तिच्या शरीराची तुलना विटांच्या थडग्याशी केली आणि त्याला आधाराचे टेकू अपुरे आहेत असंही वर लिहिलं. आत्तापर्यंत जिला जगानं सुंदर म्हणून डोक्यावर घेतलं, तिला हे छापून आलेलं वाचावं लागलं. पण त्याच कामासाठी तिला टोनी पुरस्काराचं नामांकन मिळालं. आणि १९८२ मध्ये तिनं एक पुस्तक काढलं, 'नो टर्न अनस्टोन्ड'. नटनट्यांना पत्रं पाठवून त्यांच्यावर आलेली सगळ्यात वाईट परीक्षणं तिनं मागवली आणि ती एकत्र छापली. आपल्यावरचं ते वाक्यही घातलं. आपल्या अपमानाला शेकडो सहकाऱ्यांच्या अपमानाशेजारी नेऊन बसवणं, ही जखम हाताळायची पद्धत मला फार शहाणी वाटते.

दरम्यान नॅशनल थिएटरमध्ये तिनं लेडी मॅकबेथ केली, स्टॉपर्डचं 'जंपर्स' केलं, मोलिएरचं 'मिसँथ्रोप' केलं. १९८३ मध्ये थकलेल्या, आजारांनी खंगलेल्या लॉरेन्स ऑलिव्हिएनं टीव्हीसाठी 'किंग लिअर' केलं, तेव्हा ती त्यात होती, पण या खेपेला रेगन. बापाला वादळात घराबाहेर ठेवून दार लावून घेणारी मुलगी. चोविसाव्या वर्षी ज्या नाटकात ती सर्वांत प्रेमळ लेक होती, त्यातच पंचेचाळिशीला टेकताना सर्वांत निष्ठुर.

मला तिच्या कारकिर्दीची किल्ली इथे सापडते. चाळिशीनंतर देखण्या नटीपुढे दोन रस्ते ठेवले जातात. एक, तरुण दिसत राहा. दुसरा, बाजूला हो. डायना रिगनं वाईट बायका करायला घेतल्या. १९८९ मध्ये बीबीसीच्या 'मदर लव्ह'मध्ये तिनं मुलावर इतकं प्रेम करणारी आई केली, की त्या प्रेमापायी ती खून करते. त्यासाठी तिला बाफ्टा मिळालं. 'मीडिया' तिनं १९९२ मध्ये लंडनच्या अल्मेडा थिएटरमध्ये केलं. आपल्याच मुलांना मारणारी ग्रीक शोकांतिकेतली ती बाई. भोवती लोखंडी पत्र्यांच्या गंजक्या भिंती, आणि शेवटी ते पत्रे प्रचंड आवाज करत कोसळतात. प्रयोग वेस्ट एंडला गेला, मग ब्रॉडवेला. १९९४ मध्ये तिला त्याचं टोनी मिळालं आणि त्याच वर्षी तिला 'डेम' हा ब्रिटिश किताब मिळाला. तेव्हा ती छप्पन्न वर्षांची होत होती. १९९७ मध्ये 'रिबेका'तली मिसेस डॅनव्हर्स केली, मेलेल्या मालकिणीच्या कपड्यांवरून हात फिरवणारी ती घरकारभारीण, आणि त्यासाठी एमी. एम्मा पीलसाठी एमीची नुसती नामांकनं मिळाली होती. पुरस्कार मिळाला तो मिसेस डॅनव्हर्सला.

आणखी एक भूमिका, जी मराठी माणसाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९७४ मध्ये लंडनला तिनं शॉच्या 'पिग्मॅलियन'मधली एलायझा केली, फुलं विकणारी, उच्चार शिकून बाई होणारी. त्याच्या पुढच्याच वर्षी आपल्याकडे पु. ल. देशपांड्यांनी त्या नाटकाची 'ती फुलराणी' केली आणि भक्ती बर्वे यांची मंजुळा उभी राहिली. मी शाळकरी वयात वडिलांबरोबर दादरला शिवाजी मंदिरात तो प्रयोग पाहिला. घरी येताना वडील ट्रेनमध्ये एक शब्द बोलले नाहीत. खूप वेळानं म्हणाले, "बाई काय बोलते!" दिसते नाही, बोलते. पुन्हा तेच व्याकरण.

डायना रिगनं २०११ मध्ये लंडनला त्याच 'पिग्मॅलियन'मध्ये मिसेस हिगिन्स केली, प्रोफेसरची आई. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये, त्याच नाटकावरच्या 'माय फेअर लेडी'त पुन्हा तीच भूमिका. त्या संगीतिकेत मिसेस हिगिन्सला एकही गाणं नाही. एकोणऐंशी वर्षांच्या बाईनं गाण्याशिवाय ती आई उभी केली आणि टोनीचं नामांकन मिळवलं. एलायझापासून त्या आईपर्यंतचा प्रवास तिला एका आयुष्यात करायला मिळाला. भक्ती बर्वे २००१ साली रस्त्यावरच्या अपघातात गेल्या. त्यांचं म्हातारपण, त्या आवाजातल्या म्हाताऱ्या बायका, मराठी रंगभूमीला मिळाल्या नाहीत. हे नुकसान मला डायना रिगचं काम बघताना जास्त जाणवलं.

शेवटच्या वर्षांतही ती थांबली नाही. 'डॉक्टर हू'च्या २०१३ मधल्या एका भागात ती आणि तिची मुलगी रेचेल स्टर्लिंग आई-मुलगी म्हणूनच पडद्यावर आल्या. त्याच वर्षी ओलेना सुरू झाली. लोकांनी विचारलं तर ती सांगायची, की मी 'गेम ऑफ थ्रोन्स' पाहिलेलंच नाही. तिचं काम संवाद चोख म्हणण्याचं होतं. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या तिनं झाकल्या नाहीत. ओलेनाच्या पोशाखात केस दिसत नाहीत, मान दिसत नाही, दागिने नाहीत. जे उरतं ते डोळे आणि आवाज. एम्मा पीलकडून कातडी पोशाख काढून घेतला तर जे उरलं असतं तेच.

मार्च २०२० मध्ये तिला फुप्फुसाचा कॅन्सर असल्याचं निदान झालं. कित्येक वर्षं ती सिगारेट ओढत होती. सप्टेंबरच्या १ तारखेला ब्रिटनमध्ये 'ऑल क्रीचर्स ग्रेट अँड स्मॉल' ही मालिका सुरू झाली, यॉर्कशरच्या गुरांच्या डॉक्टरची. त्यात ती मिसेस पम्फ्री होती, लाडावलेल्या कुत्र्याची श्रीमंत मालकीण. तिचं यॉर्कशर. १० सप्टेंबरला लंडनमध्ये ती गेली, ब्याऐंशीव्या वर्षी.

तिचं आणखी एक काम चित्रित होऊन तयार होतं. रूमर गॉडन या लेखिकेचं बालपणही हिंदुस्थानातच गेलेलं. तिच्या 'ब्लॅक नार्सिसस' या कादंबरीवर बीबीसीनं तीन भागांची मालिका केली होती. काळ १९३४ चा, म्हणजे डायनाच्या जन्माच्या चार वर्षं आधीचा, आणि जागा हिमालय. तिथे मठ काढायला निघालेल्या तरुण जोगिणींना पाठवणारी वयस्क मठप्रमुख, मदर डोरोथिया, डायना रिगनं केली होती. ती मालिका २७ डिसेंबर २०२० ला बीबीसीवर सुरू झाली.